पाण्यातून निघालेला बोर्ड

दुरुस्तीवाल्याने तो हिरवा बोर्ड चिमट्यात धरून दिव्याखाली नेला आणि म्हणाला, "ताई, खोटं बोलणार नाही. हा पाण्यातून निघालेला आहे."

तळहाताहून लहान तुकडा. स्पिरिटने पुसून लख्ख केलेला, तरी एका कोपऱ्यात गंजाची तांबूस किनार राहिलीच होती. इतके दिवस तिने ज्याची वाट बघितली, ते हे?

बोर्ड हवा होता तो बाबांच्या हार्ड डिस्कसाठी. आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा तिला पुस्तकं वाचून दाखवायचे आणि वाचता वाचता रेकॉर्डही करायचे, आपण घरात नसताना तिला ऐकता यावं म्हणून. कपाटभर पुस्तकं, सगळी त्यांच्या आवाजात, एका जाड कादंबरीएवढ्या डिस्कमध्ये. दुसरी प्रत काढा म्हटलं की म्हणायचे, "एकाच पुस्तकाच्या किती प्रती लागतात घरात?"

डिस्कच्या वायरची पिन आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन दिसायला, हाताला अगदी सारखी. म्हणून बाबांनी डिस्कच्या वायरला जाड दोरा बांधून ठेवला होता. आईची बोटं तो दोरा चाचपूनच पिन लावायची. बाबा गेल्यावर आत्या राहायला आली. आत्याला दुःख झालं की ती घासायला काढते. भांडी झाली, खिडक्या झाल्या, मग टेबलाखालच्या वायरी. तो मळका दोरा तिने कात्रीने कापून टाकला. दुसऱ्या दिवशी आईने सवयीने डिस्कला पिन लावली, ती लॅपटॉपची निघाली, आणि चट्ट आवाज होऊन खोलीभर जळका वास पसरला.

आतली डिस्क शाबूत होती, तिच्या पोटाखालचा बोर्ड जळला होता. नवीन बोर्ड मिळायचा प्रश्नच नव्हता, कंपनीने ते बनवणं कधीच थांबवलं होतं. डेटा काढून देणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेनेही आधी तसाच बोर्ड शोधून आणा म्हणून सांगितलं होतं. दुरुस्तीवाल्याने सगळे भंगारवाले पालथे घातले, तेव्हा कुठे हा सापडला. कुठल्याशा ऑफिसात पाणी शिरलं होतं, तिथल्या मशीनमधला.

"चालतो का पण?" तिने विचारलं.

"ह्या बोर्डाच्याच जुन्या डिस्कवर लावून बघितला. सकाळी चालला. दुपारी मधेच टक्क करून थांबला. मग परत चालला. सासुरवास काढून आलाय बिचारा, मूड सांभाळावा लागतो."

तिला हसू आलं नाही. "आणि आमच्या डिस्कवर मधेच थांबला तर?"

दुरुस्तीवाल्याने चिमटा खाली ठेवला. "आत चकती फिरते आणि तिच्यावर केसभर अंतरावर सुईसारखं एक टोक तरंगतं. ते चकतीवर आपटलं तर चरा पडेल. मग कुणाच्या बापालाही..." तो गडबडला. "म्हणजे, कुणालाच काही करता येणार नाही."

"थांबायची शक्यता किती?"

"मी दुरुस्त्या करतो ताई, भविष्य नाही सांगत. मात्र आजच काय ते ठरवा. आणखी एका गिऱ्हाइकाला हाच हवाय. त्यांना नुसतं मशीन चालू करायचंय, आतलं गेलं तरी चालणारे."

"दुसरा मिळेल?"

"मिळेलही. नाही मिळाला तर नाही."

ती आवाज खाली आणून आणखी काही विचारणार, तोच मागच्या स्टुलावरून आई म्हणाली, "गंज कडेला आहे की जोडणीच्या टोकांना?"

दुरुस्तीवाला चपापला. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच तर पाणी म्हणालात. डोळे गेलेत, कान आहेत अजून."

"कडेला आहे. दिसतो तेवढा तरी."

ती आईजवळ जाऊन बसली. "आई, तुझी कादंबरी अर्धी राहिलीय, म्हणून मी एवढी..."

"कादंबरीचं काय घेऊन बसलीस? शेवट ठाऊक आहे मला. तिसऱ्याच प्रकरणात ह्यांनी फोडला. पोटात काही राहील तर शपथ!"

"मग रोज दुपारी त्या टेबलाशी जाऊन बसतेस ती?"

"तिथे ऊन येतं, बाई."

दुरुस्तीवाल्याने तोंड फिरवून हसू दाबलं. आईने काठी दुसऱ्या हातात घेतली. "दादा, डिस्क नुसती ठेवून दिली तर बिघडते का?"

"कोरड्या जागी ठेवली तर लगेच काही होत नाही, काकू."

"मग घाई कुणाला आहे?"

तिचे कान तापले. घाई तिलाच होती. ती दूर राहायची. फोनवर बाबा हवापाण्याची दोन वाक्यं बोलायचे आणि "आईला देतो" म्हणून मोकळे व्हायचे. त्यांनी वाचलेलं एकही पुस्तक तिने ऐकलं नव्हतं, सवडीने ऐकू म्हणून. आणि परवा भांडी विसळताना एकदम लक्षात आलं, की त्यांचा आवाज आठवत नाहीये. चेहरा आठवतो, हात आठवतात, पण ओठ हलतात आणि आवाजच नाही. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"तुला ऐकायचंय?" आईने विचारलं.

"हो."

"मग लाव. मी अडवणार नाही. नंतर तुला बोलही लावणार नाही."

तिने दुरुस्तीवाल्याला बोर्ड पुन्हा त्याच्या जुन्या डिस्कवर चालवून दाखवायला सांगितलं. त्याने चालवला. बारीक गूं गूं सुरू झाली. बोर्ड शहाण्यासारखा चालत राहिला, थांबला नाही की अडखळला नाही. थांबला असता तर बरं झालं असतं, तिच्या मनात आलं. निदान प्रश्न मिटला असता. ती श्वास रोखून त्या टक्क आवाजाची वाट बघत होती. परक्या, रिकाम्या डिस्कवर आपली ही गत. आत बाबा असताना काय होईल? आणि चरा पडला तर आईचंही जाईल.

"बंद करा," ती म्हणाली. "नको."

"नक्की? हा देऊन टाकू त्यांना?"

"द्या."

दुरुस्तीवाल्याने जळका बोर्ड पुन्हा बाबांच्या डिस्कला बसवला, स्क्रू आवळले, डिस्क कापडात गुंडाळून दिली. "शोधत राहतो," तो म्हणाला. शोधेल, पण मिळेलच असं नाही, हे तिला कळत होतं.

रस्त्यावर तिने एका हाताने आईचा दंड धरला, दुसऱ्या हाताने डिस्क छातीशी. कुणाचा धक्का लागेल या धास्तीने ती भिंतीकडेने चालत होती.

"असे वाचायचे बघ," आई अचानक म्हणाली आणि घसा खाकरून जाड आवाजात सुरू झाली, "'पण त्या रात्री तो परतलाच नाही...'"

"असं नाही गं," ती पटकन म्हणाली. "एवढं जाड नाही. आणि 'पण'नंतर थांबायचे ते. फोनवरसुद्धा."

आई थांबली. "मग कसं?"

ती भर रस्त्यात उभी राहिली. मागून कुणीतरी चुकचुकत वळसा घालून गेलं.

"पण," ती म्हणाली, आणि थांबली.