चंद्रावतीचं होऊ दे

माझ्या सासूने तीन वेळा नकार दिला, पण एकदाही तोंडातून ‘नाही’ हा शब्द काढला नाही. समोरच्याला न दुखवता वाटेला लावायची कला तिच्या अंगात होती. मी तिला त्याबद्दल पुष्कळ नावं ठेवली, मनात आणि तोंडावरही. आता ठेवत नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

तिचं नाव नाताल. उत्तनची सुईण. पालीपासून डोंगरीपर्यंत ख्रिस्तावाचं पोर असो की हिंदू कोळ्याचं, ते नातालच्या हातावरच पडायचं. पाचव्या महिन्यात बाई आमच्या घरी यायची, नाताल तिच्या पोटाला खोबरेल चोळायची. याला आमच्याकडे ‘हात देणं’ म्हणतात. एकदा हात दिला की त्या बाईची सुटका होईपर्यंत सुईणीने गाव सोडायचं नाही. मग खाडीपलीकडे लग्न असो की मयत. पलीकडे तिचा सख्खा भाऊ वारला, तेव्हा ती आमच्या दारात बसून रडली, पण होडीत चढली नाही.

तिच्याकडे एक शिंपी होती. कालवाच्या शिंपल्याची, तळहाताएवढी, कड दगडावर घासून धारदार केलेली. तिच्या सासूने दिलेली, आणि सासूला तिच्या सासूने. नव्या जिवाला लोखंड लावायचं नाही म्हणून नाळ त्या शिंपीनेच कापायची. शिंपी चुलीच्या राखेत, पत्र्याच्या डब्यात पुरून ठेवलेली असायची. नाळ कापली की त्यातलीच चिमूटभर राख बाळाच्या बेंबीवर. सगळं आटपलं की शिंपी पुसून पुन्हा डब्यात.

आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा सातव्या दिवशी उरकतात. पाहुणे येवोत न येवोत, सातवा दिवस टळू द्यायचा नाही. का, ते कोणी विचारत नसे. मीही लग्न होऊन आले तेव्हा विचारलं नाही. नंतर आपोआप कळलं. आठवा दिवस वाईट होता. काही पोरं आठव्या दिवशी जबडा मिटायची, धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि जायची. सातव्या दिवशी पाणी पडलेलं असलं की निदान देवाच्या घरी तरी नाव लागलेलं असायचं.

सदतीस साली यशोदाबाई पहिल्यांदा आल्या. दवाखान्यातल्या नर्स. पांढरं लुगडं, काळी छत्री, भाईंदर स्टेशनापासून टांग्याने मिठागरांच्या बांधावरची धूळ खात आलेल्या. म्हणाल्या, “नातालबाई, मुंबईला प्रसूतीच्या दवाखान्यात तीन महिने शिकायला चला. राहणं-खाणं फुकट. परत याल तेव्हा सामानाची पेटी मिळेल, दरमहा पगार मिळेल.” नातालने चहा केला. ब्राह्मण बाईला बोंबील विचारायचे नाहीत एवढं तिला कळत होतं, म्हणून दोन केळी पुढे ठेवली.

“येते ना, बाय. का न्हाय येणार?” ती म्हणाली. “फकस्त आमच्या चंद्रावतीचं होऊ दे.”

चंद्रावती म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या धर्माची बायको. तिला नववा लागला होता. यशोदाबाई खूश होऊन गेल्या. चंद्रावतीचं झालं, आठव्या दिवशी ते गेलंही. पण तोवर आणखी तिघी तेल लावून घेऊन गेल्या होत्या. त्यांचं होईतो आणखी चौघी. पुढच्या वर्षी यशोदाबाई परत आल्या तर नाताल म्हणाली, “जेरोमच्या बायकोचं होऊ दे.”

मला हसूही आलं आणि रागही. मी म्हटलं, “आय, गावातली सगळी पोटं रिकामी व्हायची वाट बघशील तर समिंदर आटंल.”

“मंग समिंदर आटला की जाईन,” ती म्हणाली.

गावात यावर हसण्याखिदळण्याला तोटा नव्हता. कोणी म्हणायचं म्हातारी शहराला भिते. भिते कसली! तरुणपणी डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन ती बोरीबंदरपर्यंत जाऊन आलेली. माझा नवरा कॅजिटन म्हणायचा, तिला अक्षर येत नाही म्हणून लाजते. मला वाटायचं, पाण्यातली म्हैस आहे, कोण उठणार? आपल्या पायाने चालून आलेली लक्ष्मी लाथाडणारी बाई म्हणजे मूर्ख, असं माझं साधं गणित होतं. मी तिसरी शिकलेली होते ना!

तिसऱ्यांदा यशोदाबाई एकेचाळीस साली आल्या. लढाई सुरू होती. म्हणाल्या, “ही शेवटची तुकडी. यापुढे काय होईल सांगता येत नाही.” तेव्हा मला पाचवा महिना संपत आला होता, पण घरचीच म्हणून नातालने अजून हात दिला नव्हता. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. यशोदाबाईंनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला: तीन महिन्यांत नाताल परत येईल, माझ्या दिवसांच्या आधी, चांगला महिना हाताशी ठेवून. त्या वेळी इतर कोणाचे दिवसही जवळ नव्हते. डोंगरीच्या दोघी होत्या, त्यांना अजून सहा महिने होते.

नातालने केळी यशोदाबाईंपुढे सरकवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“जाऊ काय गो, ॲलिस?”

तिने खरंच विचारलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात कसलाही डाव नव्हता. मी ‘जा’ म्हटलं असतं तर ती त्याच टांग्यात बसली असती, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. तिला नावं ठेवणारी, गणित येणारी मी. तीन महिने ही घरात नसणार, मध्येच काही झालं तर?

“माझं होऊ दे, आय,” मी म्हटलं.

तिचा चेहरा सैल पडला. तिला बरं वाटलं, ते मी पाहिलं. मलाही बरं वाटलं. यशोदाबाईंनी छत्री उचलली आणि केळी न खाताच गेल्या.

मला मुलगा झाला. दुपारी, भरतीच्या वेळी, फारसा त्रास न देता. नातालने शिंपीने नाळ कापली, राख लावली, आणि त्याला उचलून माझ्या छातीशी दिला. सातव्या दिवशी चर्चमध्ये त्याच्यावर पाणी पडलं. पायस नाव ठेवलं. कॅजिटनने सगळ्यांना गूळपोहे वाटले. आठव्या दिवशी सकाळी मी त्याला पाजायला घेतलं तर त्याने तोंड उघडलं नाही.

मी बोट घालून पाहिलं. जबडा घट्ट. जरा वाजलं, उजेड आला, तरी त्याचं एवढंसं अंग ताठ व्हायचं. नातालने त्याला माझ्याकडून घेतलं आणि दिवसभर मांडीवर धरून ठेवलं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा तो गेला होता. माझं दूध तसंच वाहत होतं. त्या दुधाचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचाच आला नाही.

पंधरा दिवसांनी यशोदाबाई आल्या. कॅजिटन भाईंदरला जाऊन त्यांना सांगून आला होता. त्यांनी डबा मागितला. झाकण उघडून राख पाहिली, शिंपी पाहिली. ओरडल्या नाहीत. लहान पोराला समजावावं तसं सांगितलं. राखेत विष असतं, डोळ्याला दिसत नाही. शिंपीला ते लागतं, नाळेतून बाळाच्या अंगात जातं. शिंपी अर्धा तास उकळायची. राख लावायची नाही. स्वच्छ दोरा, स्वच्छ हात.

“येवढंच?” नातालने विचारलं.

“एवढंच.”

“मंग आदीची?”

यशोदाबाईंनी डबा खाली ठेवला. म्हणाल्या, “तुम्हाला कुठे माहीत होतं?”

नातालने ते ऐकलंच नाही. ती नावं घ्यायला लागली. “रोझीचा. जेरोमची थोरली. चंद्रावतीचे दोन. गोवर्धनच्या सुनेचा.” मध्येच थांबली. तिचे ओठ हलत होते, पण नाव बाहेर येईना. मग तिने डब्याला झाकण लावलं, उठून तो फळीवर ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “देवाची मर्जी व्हती.”

तेव्हा मला कळलं, चार वर्षं ती कशाला टाळत होती. मुंबईला नाही, अक्षराला नाही. तिथे कोणीतरी एक दिवस सहज ही गोष्ट सांगेल, इतर बायका माना डोलावतील, आणि हिला एकटीला तीस वर्षांची पोरं आठवतील, याला ती भीत होती. नेमकं काय सांगतील ते तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं तिच्या हाताला कधीच कळलेलं होतं.

यशोदाबाई माझ्याकडे वळल्या. “ॲलिस, तू ये. शेवटची म्हणता म्हणता आणखी एक तुकडी निघते आहे. तिच्यात एक जागा आहे. सोमवारी निघायचं. तुला वाचता येतं, तू लवकर शिकशील.”

“जा तू,” कॅजिटन म्हणाला. “घराचं मी पाहतो.” पुरुषाने असं म्हणणं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नव्हतं.

मला अडवणारं काहीच नव्हतं. पोर नाही, पोट नाही, मी कोणाला हात दिलेला नाही. दार सताड उघडं होतं. आणि मला ‘जाऊ काय’ विचारणारी नाताल दिसत होती, ‘माझं होऊ दे’ म्हणणारी मी दिसत होते. तिकडे जाऊन मला रोज तेच शिकायचं होतं, की अर्ध्या तासाच्या उकळत्या पाण्याने माझा पायस वाचला असता. आणि ते पाणी तीन महिन्यांत घरी येणार होतं, मी अडवलं.

त्या दिवशी सकाळीच चंद्रावती तेल लावून घ्यायला आली होती.

“येते, बाय,” मी म्हटलं. “चंद्रावतीचं होऊ दे.”

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशाच नजरेने त्या चार वर्षं नातालकडे पाहत आल्या होत्या. त्या परत कधी आल्या नाहीत.

चंद्रावतीची वेळ आली, धर्मा बोलवायला आला, तेव्हा मी चुलीवर पाणी ठेवलं. डबा खाली काढला. एवढं तरी मी करायचं ठरवलं होतं. पाण्याला आधण आलं. नाताल माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“उकळलीस आन ते पोर जगलं,” ती म्हणाली, “तर मंग आपला पायस?”

ती रागावली नव्हती. ती हात जोडत होती. पाणी खदखदत होतं. मी भांडं उतरवलं आणि अंगणात ओतून दिलं. शिंपी राखेसकट तिच्या हातात ठेवली.

चंद्रावतीला मुलगी झाली. आठवा दिवस आला, गेला. नववा आला. पोरगी चुरूचुरू दूध ओढत होती. नाताल वाळूतून पळत घरी आली, म्हातारपणी, पदराचं भान न ठेवता. “बग गो! तीच शिंपी! तीच राख!” आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मला खरोखर आनंद झाला होता. शिंपीत काही नव्हतं. म्हणजे पायस देवानेच नेला होता, मी नाही. त्या आनंदाची मला आज किळस येते, पण त्या दिवशी तो खरा होता.

सेहेचाळीस साली नाताल गेली. डबा माझ्याकडे आला. पाचव्या महिन्यात बाया माझ्याकडे येतात, मी हात देते. शिंपी उकळत नाही. सुरुवातीला उकळायला हवी होती, आता फार उशीर झाला. आता मलाही नावं आहेत, सहा. मी ती तोंडातल्या तोंडातही घेत नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून नवी नर्स आली. तरुण पोर, सायकलवरून, हसतमुख. तीन महिने शिकायचं, पेटी मिळेल, पगार मिळेल. मी चहा केला. तिच्यापुढे दोन केळी ठेवली.

“येते ना, बाय,” मी म्हटलं. “का न्हाय येणार?”