सीटखालची वायर

पहिल्याच खेचेला जळक्या रबराचा वास आला आणि वायरमनची नजर सीटखाली गेली.

टोइंगची जीप त्याची धाकटी बहीण चालवायची. जीपच्या मागचं विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र, त्यानेच चार दिवसांपूर्वी बसवलं होतं. बॅटरी पुढे, विंच मागे, मधली वायर बहिणीच्या सीटखालून नेलेली. आज दोराच्या टोकाला, उतारावर, एक व्हॅन होती. तिची दारं चेपली होती आणि ड्रायव्हर आतच अडकला होता.

वायर घेताना त्याने ती नुसती बोटांत दाबून पाहिली होती. वीस वर्षांची बोटं ती, त्यांना कोण शिकवणार! टोक सोलून आतलं तांबं बघावं, हे शिकाऊ पोरालाही कळतं. या उस्तादांना गरज वाटली नाही. बसवताना सोललं तेव्हा दिसलं, वरचं कातडं गेंड्याचं आणि आत तांबं करंगळीच्या निम्मंसुद्धा नाही. आता परत दुकानात कोण जाणार? ‘चालून जाईल’ म्हणत त्याने नट आवळले.

बहिणीने दुसरी खेच दिली. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर बहीण. तेवढ्यात सीटखालून धूर आला.

“थांब! बटण सोड!” तो ओरडला. “वायर बारीक आहे. पेटेल. उतर तू, मी बसतो!”

दोर होता तिथेच थांबला. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला, पण ब्रेकवरचा पाय हलला नाही.

“पाय काढला तर जीप घसरेल, दादा. तो माणूस खाली जाईल. किती वेळ ओढलं तर चालेल ते सांग.”

“अर्धं मिनिट. मग गार होऊ द्यायची.”

अर्धं मिनिट ओढायचं, दहा मिनिटं थांबायचं. दर वेळी तो वाकून उघड्या हाताने वायर चाचपायचा. सहाव्या खेचेला व्हॅन रस्त्यावर आली. वायरमनने पहारीने दार उचकटलं, तसा ड्रायव्हर त्याच्या गळ्यातच पडला. “देवासारखे धावलात हो!”

बहीण सावकाश उतरली.

“बसवतानाच कळलं होतं तुला?”

खोटं बोलायला जागा होती. “हो,” तो म्हणाला.

“मी विचारलं होतं, सगळं नीट आहे ना. तू म्हणालास, डोळे मिटून चालव.”

इतका वेळ दाबलेली थरथर आता तिच्या अंगभर पसरली. तिला सावरायला तो पुढे झाला. ती दचकून दोन पावलं मागे सरकली.