शिवणाच्या टेबलावर फुटलेली स्क्रीन

मित्रांनो, मी जुना लॅपटॉप आहे. वय वर्षं नऊ. तुमच्यात नऊ वर्षांचं पोर झाडावर चढतं. आमच्यात नऊ म्हणजे म्हातारपण. झाकण उघडलं की बिजागरी कुरकुरते आणि पंखा धापा टाकतो. अजून रोज काम मिळतं म्हणून मी खूश असेन असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. मी थकलो आहे. पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो.

मला कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही. एका लांबलचक टेबलापाशी शेकडो माणसं बसली होती. प्रत्येकाने एकेक स्क्रू पिळला आणि मला पुढे ढकललं. पुढे एका ऑफिसात चार वर्षं राबलो. नवे लॅपटॉप आले त्या दिवशी आम्हा जुन्यांना खोक्यात कोंबून विकून टाकलं. चार वर्षांच्या चाकरीनंतर धूळही कुणी पुसली नाही.

तिथून मला कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी घरी आणलं. सगळी गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं. एक मोठं टेबल, दोन शिलाई मशिनं, भिंतीला कापडाचे गठ्ठे. त्यांचे सासरेही जन्मभर शिंपीकाम केलेले. आता नजर अधू झाली म्हणून ते इस्त्री करतात आणि बाकीचा वेळ बोलतात. ताई मापं माझ्यात टिपतात याचा त्यांना भारी राग.

"आमच्या मापांच्या वहीला कधी चार्जर लागला नाही," ते म्हणायचे.

"तुमच्या वहीतलं अक्षर तुम्हाला तरी लागायचं का, बाबा?" ताई मान वर न करता विचारायच्या.

ताईंकडे येणारी माणसं म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानांनी हाकलून लावलेली. कुणाचा एक खांदा वर, कुणाचा एक हात आखूड. दुकानदार सांगतात, तुमच्या मापाचं नाही. जणू माणूसच चुकीच्या मापाचा झाला! ताई प्रत्येक माप दोनदा घेतात. एकदा माणूस सरळ उभा असताना आणि एकदा तो त्याचं रोजचं काम करत असताना. ड्रायव्हर असेल तर त्याला खुर्चीवर बसवून हातात थाळी देतात, स्टिअरिंग म्हणून. लोक हसतात. पण त्या शर्टाची शिवण काखेत उसवत नाही.

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी आली. शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली, पाठीच्या कण्याला बाक. फळ्यावर लिहायला हात वर केला की तिचा कुर्ता एका बाजूने कमरेच्या वर जायचा. शिकवून दाखवण्याच्या दिवशी मागच्या बाकावरून हसू आलं होतं. सोमवारी तिचा पहिला खरा वर्ग होता. त्या दिवशी घालायला तिला जाकीट हवं होतं. ताईंनी दार लावून घेतलं आणि तीन तास मापं घेतली. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, हात खाली, हात वर. त्रेचाळीस आकडे झाले.

शेवटी ती म्हणाली, "ताई, हे एकदाच हं. डॉक्टरांपुढे, शिंप्यांपुढे, सगळ्यांपुढे उभी राहिले आजवर. आता पुन्हा कुणापुढे अशी उभी राहणार नाही."

"एकदाच," ताईंनी शब्द दिला.

मग ती परगावी प्रशिक्षणाला गेली. परतणार होती ती थेट रविवारी. ते त्रेचाळीस आकडे फक्त माझ्यात होते. दुसरीकडे प्रत ठेवायला हवी होती, हे तुम्ही ताईंना सांगू नका. सासऱ्यांनी ते पुष्कळ सांगून झालं आहे.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. ताईंनी घाईत माझं झाकण लावलं. आत, बटणांवर, कापडावर खुणा करायचा चपटा खडू राहिला होता. थोड्या वेळाने सासऱ्यांनी इस्त्रीसाठी टेबल मोकळं करताना अस्तराचा भलामोठा गठ्ठा उचलून माझ्यावर ठेवला. कटकन आवाज झाला. तो माझाच होता. तो फक्त मी ऐकला.

दुपारी झाकण उघडलं तेव्हा काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं होतं आणि मागे सगळा काळोख.

"बाबा, गठ्ठा ठेवायला हीच जागा सापडली?"

"बरं झालं! आता तरी वही काढशील."

"ती पोरगी पुन्हा उभी राहणार नाही म्हणाली होती हो!" ताई ओरडल्या. सासऱ्यांनी गठ्ठा उचलून भिंतीला नेऊन ठेवला.

बुधवारी दोघं मला घेऊन चकचकीत काचेच्या एका दुकानात गेली. तिथल्या माणसाने मला सुरूसुद्धा केलं नाही. झाकण उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "आतून सगळं गेलंय, ताई. यात काही उरलं नाही. नवीन दाखवू का? हा इथेच ठेवून जा, आम्ही टाकून देतो."

मित्रांनो, तो खोटं बोलत होता. फुटली होती ती स्क्रीन. माझी स्मरणशक्ती शाबूत होती, एकूण एक आकडा जागच्या जागी होता. पण मला तोंड कुठे आहे? अशी माणसं मी ऑफिसातही खूप पाहिली. तपासायला कष्ट पडतात, टाकायला पडत नाहीत. ताईंचे डोळे भरले. त्यांनी मला काउंटरवर सोडून पाठ फिरवलीही होती.

सासऱ्यांनी मला उचललं आणि काखेत मारलं. "आमचं मढं आम्हीच नेऊ," ते त्या माणसाला म्हणाले.

दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याखालच्या खोपटात एक कारागीर बसतो. कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा. त्याने काही न विचारता मला सुरू केलं आणि माझ्या पोटाला कान लावला.

"पंखा फिरतोय. जिवंत आहे की!"

"दुकानात म्हणाले, आतून सगळं गेलं," ताई म्हणाल्या.

"त्यांचं गेलं असेल."

त्याने एक वायर माझ्या कुशीत खोचली. दुसरं टोक त्याच्या स्वतःच्या स्क्रीनला होतं. पलीकडे उजेड पडला आणि त्यात ताईंची फाइल दिसली. ताईंनी स्टूल स्क्रीनजवळ ओढलं. सासऱ्यांनी खिशातून पेन्सिल काढली. ताई एकेक आकडा वाचत गेल्या आणि ते डोळे बारीक करून त्याच्याच पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहीत गेले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

मग कारागिराने मला आडवं करून काचेभोवतीची पट्टी उचकटली. बटणांच्या फटीतून निळा चुरा सांडला.

"हे काय? घरात शाळा भरते का तुमच्या?"

सासरे जन्मभर पांढराच खडू वापरायचे. निळा कुणाचा ते तिथे दोघांनाही कळलं. ताईंची मान खाली गेली. म्हातारा एरवी बोलायचा थांबत नाही. त्या वेळी मात्र तो कारागिराला एवढंच म्हणाला, "गठ्ठा मी ठेवला होता."

"खडू माझा होता," ताई म्हणाल्या. "बाबा, मी उगाच तुम्हाला..."

"ए, हात चालव रे बाबा. आम्हाला जाकीट कापायचंय," सासरे कारागिरावर खेकसले.

नवी स्क्रीन यायला आठवडा लागला असता. माझ्याच बनावटीच्या एका मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन त्याच्याकडे पडून होती. तीच त्याने मला लावली. खालच्या कोपऱ्यात तिला फिकट डाग आहे. रोज सकाळी मी दुसऱ्याच्या चेहऱ्याने जागा होतो. बरं वाटतं का, असं मला विचारू नका. चालतं, एवढं खरं.

रविवारी संध्याकाळी ती शिक्षिका आली. प्रवासाने दमलेली, बॅग अजून खांद्यालाच. तिने जाकीट चढवलं, बटणं लावली आणि आरशाकडे न बघता भिंतीकडे वळली. हात वर केला. बोटाने भिंतीवर एक ओळ लिहिली, मग तिच्याखाली दुसरी. जाकिटाची कड तसूभरही हलली नाही. ताईंच्या हातात टेप तयार होता. तो त्यांनी गुंडाळून ठेवला.

"पुन्हा मापं नाही घ्यायची?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या.

ती भिंतीवर लिहीतच राहिली. अख्खी भिंत भरेपर्यंत.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही. एकच मागणं आहे. तुमच्यासमोर कुणी एखाद्याचं फुटलेलं तोंड बघून 'यात काही उरलं नाही' असं म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी त्याला विचारा, उघडून पाहिलंस का? मग वस्तू उचला आणि दुसऱ्या कुणाकडे तरी न्या. आम्ही हाक मारू शकत नाही. आमच्यात काय काय शिल्लक आहे, हे कुणीतरी कान लावल्याशिवाय कळायचं नाही.