तीन वेळा सारखंच

मेंग तेगनने मागच्या साली स्वतःची फजिती करून घेतली नसती, तर चिलबोकवर घरात बसून फुंकायची तालीम करायची वेळ आली नसती.

तेगन हा चिलबोकचा खाणीतला जोडीदार. एकवीस वर्षं दोघांनी एकाच बोगद्यात कोळसा फोडला, शेजारी बसून डबे खाल्ले आणि सारखीच धूळ गिळली. आता खाण बंद होऊन नऊ वर्षं होत आली. वसाहतीतली निम्मी घरं ओस पडली, ओढ्याचं काळं पाणी तांबूस झालं, थेबेकचा डोंगर पुन्हा हिरवा दिसायला लागला. छातीतली धूळ मात्र कुठे जाणार? ती बसली आहे तिथेच बसली आहे.

या धुळीच्या रोगाची तपासणी खाली शहरातल्या इस्पितळात होते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि म्हणतात, फुंका. तीन वेळा फुंकायचं. फुप्फुसं निम्म्याच्या खाली गेलेली निघाली की कायमची खाट मिळते. ऑक्सिजन, औषध, गरम जेवण, उबदार खोली, सगळं. निम्म्याच्या वर निघाली की घरी जा आणि खोकत बसा. तेगनने विचार केला, आपण जरा हात राखून फुंकू. पहिल्यांदा त्याने तान्ह्या पोराच्या कपाळावर घालावी तशी फुंकर घातली. दुसऱ्यांदा त्याहून कमी. तिसऱ्यांदा तपासणाऱ्या पोरीने "अजून, काका, अजून!" असा गिल्ला केला आणि हा गडी सवयीने पूर्ण जोर लावून मोकळा झाला. कागदावर तीन रेघा तीन दिशांना गेल्या. "मुद्दाम कमी फुंकलं," असा शेरा मारून त्यांनी त्याला परत पाठवलं.

"तर वहिनी, खरी गोम इथे आहे," तेगनने मालसूनला सांगितलं. मालसून म्हणजे चिलबोकची बायको. तेगन तिच्या ओसरीवर बसून तिनेच उकडलेले बटाटे तिलाच विचारल्याशिवाय खात होता. "कमी फुंकायचं, पण तिन्ही वेळा सारखंच. सारखं आलं की त्यांना संशय घ्यायला जागा नाही."

"आणि हे तुम्हाला परत आल्यावर सुचलं," मालसून म्हणाली.

"अक्कल नेहमी परतीच्या गाडीनेच येते हो माझी," तेगन म्हणाला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबेपर्यंत बटाटा हातातच राहिला.

मालसूनला खाट हवी होती. कशासाठी, ते एकदा सांगून टाकायला हवं. मागच्या हिवाळ्यात, बर्फाने बस बंद पडली होती त्या दिवशी, चिलबोक पायरीवरचं बर्फ लोटायला गेला आणि फावडं धरूनच खाली बसला. ओठ निळे. डोळे तिच्याकडे लागलेले. तिने त्याला ओढत आत आणलं आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत त्याची पाठ चोळत बसली, कारण दुसरं काय करायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी तो वाचला. पुढच्या हिवाळ्यात आपण एकटीने ते पुन्हा बघायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बर्फ पडायच्या आत खाट. मग लोक खोटं म्हणोत नाहीतर आणखी काही.

अडचण एकच होती. चिलबोक म्हणजे सुरुंगवाला. खडकात सुरुंगाची दारू भरून झाली की तीन वेळा शिट्टी फुंकायची हे त्याचं काम, आणि ती ऐकल्यावर सगळी माणसं बोगद्यातून बाजूला व्हायची. एकोणतीस वर्षांत त्याच्या शिट्टीखाली एकही माणूस दगावला नाही. त्याची शिट्टी खाणीच्या तिसऱ्या पातळीपर्यंत ऐकू जायची म्हणत. शिट्टी फुंकताना तो डोळे गच्च मिटायचा, कारण मागोमाग धूळ यायची. खाण बंद झाल्यावरही ती पितळी शिट्टी दाराशेजारच्या खिळ्यावर होती. अशा माणसाला कमी फुंक म्हणून सांगायचं म्हणजे कोंबड्याला हळू आरव म्हणण्यासारखं झालं.

मालसूनने बैठ्या मेजावर कोळशाने एक रेघ ओढली, चिलबोकच्या तोंडापासून दोन वितींवर, आणि रेघेवर मेणबत्ती लावली. नियम असा की ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. तीन वेळा, सारखीच वाकली पाहिजे.

पहिल्या आठवड्यात त्याने मेणबत्तीचा जीवच घेतला.

"अहो, विझली! पुन्हा विझवलीत! त्या बिचारीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"अगं, सवय गं. फुंकायचं म्हटलं की छाती आपोआप पुढे येते."

"मग मागे घ्या तिला. पाहुण्यासमोर शिंक दाबता तशी दाबा."

"मी कधी शिंक दाबली?"

"तेही खरंच," मालसून म्हणाली आणि पुन्हा काडी ओढली.

रोज सकाळची न्याहारी झाली की तालीम. बाहेर तेगन येऊन बसायचा आणि परीक्षकासारखा मान हलवायचा. कधी डुकराचं चरबीदार मांस घेऊन यायचा, कारण चरबी घशातली धूळ खाली नेते यावर त्या दोघांचा अजून पक्का विश्वास होता. खाणीतून वर आल्यावर तीस वर्षं त्यांनी त्याच औषधावर भरवसा ठेवला. धूळ घशात नाही, त्याच्याही पुढे जाऊन बसते, हे डॉक्टरने चित्र काढून दाखवलं तरी दोघे म्हणाले, डॉक्टर तरुण आहे.

उन्हाळा सरता सरता चिलबोकचा हात बसला. ज्योत वाकायची, थरथरायची, पुन्हा सरळ व्हायची. एकदा, दोनदा, तीनदा. अगदी सारखी. डोळे उघडून तो मालसूनकडे असा बघायचा, जणू शाळेत पहिला आलाय.

"बघितलंस? याला म्हणतात ताबा. सगळा वारा आत धरून ठेवलाय मी, आणि पाहिजे तेवढाच सोडतोय."

"बाई बाई, काय ते नाटक," मालसून म्हणायची. तिलाही बरं वाटायचं. खाट आता पदरात पडल्यासारखीच होती.

मग एके दिवशी कोबी चिरता चिरता तिच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी दिवसांत आपण "विझली!" म्हणून ओरडलोच नाही. एकदाही नाही. माणूस कितीही शिकला तरी एखाद्या वेळी चुकतोच. चिलबोक तर रोज चुकणारा, मीठ समजून साखर घालणारा माणूस. तो एकदाही कसा चुकला नाही?

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटल्यावर तिने मेणबत्ती हलकेच चार बोटं त्याच्या तोंडाकडे सरकवली. ज्योत वाकली. विझली नाही. फुंकून झाल्यावर तिने ती परत रेघेवर ठेवली. त्याच्या पुढच्या दिवशी वीतभर पुढे सरकवली. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या होत्या, खांदे वर चढले होते, कपाळावर घाम होता. ज्योत तेवढीच वाकली आणि सरळ झाली.

"जमलं?" त्याने डोळे उघडत विचारलं. तोवर मेणबत्ती रेघेवर गेली होती.

"जमलं," मालसून म्हणाली. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि लोणच्याच्या रांजणांना पाठ टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिली. तो काहीही आत धरून ठेवत नव्हता. जेवढा वारा छातीत होता तेवढा सगळा बाहेर येत होता, आणि तो तेवढाच होता.

सांगावं का त्याला? तिने पुष्कळदा मनाशी विचार केला. पण सांगायचं काय? तुमचं नाटक नाही, खरंच संपत आलंय, हे? ज्या माणसाकडे मिरवायला एक छातीच होती, त्याच्याकडून तीही काढून घ्यायची? ती गप्प राहिली. तालीम चालू राहिली, कारण थांबवली असती तर त्याने कारण विचारलं असतं.

तपासणीच्या दिवशी पानगळ सुरू झाली होती. इस्पितळात चिलबोक आत जाताना तिच्याकडे बघून डोळा मारून गेला. साठी उलटलेला माणूस, पण डोळा मारला मेल्याने. बंद दाराच्या आतून त्या पोरीचा आवाज आला, "फुंका! फुंका! सोडू नका, अजून, अजून, अजून!" मग शांतता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. त्यानंतर खोकला आला तो थांबेचना.

त्याला पाणी देऊन बसवल्यावर ती पोरगी कागद घेऊन बाहेर आली. विशी-बाविशीची असेल, गोल चेहऱ्याची.

"मावशी, तुम्ही त्यांच्या घरच्या ना? खूप मनापासून फुंकलं हो त्यांनी."

मालसूनला वाटलं चोरी पकडली. "म्हणजे?"

"काही लोक मुद्दाम कमी फुंकतात. पण तसं तीन वेळा सारखं येत नाही कुणाला, तीन रेघा वेगवेगळ्या पडतात. ह्या बघा, एकावर एक बसल्यात. इतक्या सारख्या रेघा येतात त्या माणसाने जीव ओतल्यावरच." मग तिचा आवाज खाली आला. "आकडा मात्र फार कमी आहे, मावशी. मी असं सांगायचं नसतं."

"नाही सांगितलंत तुम्ही," मालसून म्हणाली. "मी काही ऐकलं नाही."

परतीच्या बसमध्ये चिलबोक खुशीत होता. "फसवलं की नाही पोरीला? ती ओरडतेय आणि मी आपला थंड. तेगनला म्हणावं, ये, मी शिकवतो." तिने त्याला खारे दाणे सोलून दिले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. गाढव आहे, असं तिच्या मनात आलं, आणि त्या गाढवाची तिला इतकी दया आली की दाणे हातातून सांडले.

कोबीची लोणची रांजणात भरून झाली त्या आठवड्यात पत्र आलं. खाट मंजूर. वसाहतीतल्या बायका दारात येऊन म्हणाल्या, नशीब काढलंस मालसून. तेगनने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तो आकड्यापाशी थांबला, मग मालसूनकडे बघितलं. ती हंडा उगाचच घासत होती. तेगन उठला, चिलबोकच्या पाठीवर थाप मारायला हात वर केला आणि नुसताच खांद्यावर ठेवला.

जायच्या सकाळी तिने त्याचं बोचकं बांधलं. पायरीवर त्याचे खाणीतले रबरी बूट होते. ती नेहमी त्यांची नाकं घराकडे वळवून ठेवायची. इथल्या सगळ्याच बायका ठेवत, म्हणजे वरून खाली गेलेला माणूस घराकडे परत येतो. चिलबोक आयुष्यभर त्यावर हसला होता. म्हणायचा, बुटाला रस्ता ठाऊक असता तर मी झोपून राहिलो असतो आणि त्यालाच कामावर पाठवलं असतं.

"बसला वेळ आहे," चिलबोक म्हणाला. "मेणबत्ती आण."

"आता कशाला? झाली की तपासणी."

"म्हणून तर. इतके महिने दाबून दाबून फुंकलं. एकदा खरं फुंकून दाखवतो. तिथे गेल्यावर मग खोटा आजारीच राहायचंय." त्याने खिळ्यावरच्या शिट्टीकडे एकदा पाहिलं, पण तिला हात लावला नाही.

मालसूनने मेणबत्ती आणली. रेघ पुसट झाली होती. ज्योत लावताना तिच्या दोन काड्या विझल्या. चिलबोक गुडघ्यांवर ताठ बसला, छाती पुढे काढली, डोळे गच्च मिटले.

त्याने फुंकलं. त्या छातीतून बारीक शीळ निघाली. ज्योत जराशी कलली आणि उभी राहिली. मालसूनने जिभेवर बोटं ओली केली आणि वात चिमटीत धरली. चर्र झालं. तिने ओठ चावला.

चिलबोकने डोळे उघडले. मेणबत्तीवर धुराची एक रेघ वर चढत होती.

"विझवलीत!" मालसून ओरडली, पहिल्या आठवड्यात ओरडायची अगदी तशी. "पुन्हा विझवलीत!"

तो धुराकडे बघत राहिला. दम लागल्यामुळे त्याला पुष्कळ वेळ बोलता आलं नाही. मग म्हणाला, "सवय गं."

बस घाटात शिरली तेव्हा बर्फाचे पहिले कण काचेवर आपटत होते. चिलबोकने तिचा हात मांडीवर घेतला. तो तसा हात धरणारा माणूस नव्हता, म्हणून ती चकित झाली, आणि मग तिला आठवलं, पण हात मागे घ्यायला उशीर झाला होता. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर काजळी होती, आणि खाली कातडी लाल होऊन फुगली होती. तीस वर्षं काळ्यात काढलेला माणूस. काजळी कशाने लागते ते त्याला कोण सांगणार?

त्याने आपला अंगठा ओला केला आणि सावकाश, फोडाला धक्का न लावता, तिच्या बोटांची काजळी पुसून काढली. मालसूनला रडू फुटलं. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं, तरी तिला थांबता आलं नाही.

"घरी गेलीस," तो मध्येच श्वासासाठी थांबत म्हणाला, "की माझ्या बुटांची नाकं आत वळवून ठेव."

"ठेवलीत. निघतानाच."

"रोज बघत जा मग," चिलबोक म्हणाला. "मांजर धक्का देतं त्यांना."