चार खाटांचं कुलूप

आपल्या घरानं हुंडा केव्हाच सोडला, असं हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या सरस्वतीबाई अभिमानानं सांगत. मुलीकडच्यांना त्या एवढंच विचारत : नर्स आहे ना? परदेशाची परीक्षा पास आहे ना? सुनेला व्हिसा मिळाला की तिच्या पदराला धरून मुलगाही विमानात बसतो. हुंड्याला हुंडा म्हटलं नाही, की झाली सुधारणा!

थोरल्या मुलासाठी, प्रसादसाठी, त्यांनी अशीच स्वाती सून म्हणून आणली. ती पेठेमागच्या धर्मादाय दवाखान्यात, हृदयविकाराच्या वॉर्डात होती. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख येताच सरस्वतीबाईंनी तिला राजीनामा द्यायला लावला.

"अत्ती, वॉर्डातल्या दोघी सिस्टर आधीच आयर्लंडला गेल्यात. मी बी सोडलं तर वॉर्ड बंद पडंल," स्वाती सासूला म्हणाली होती.

"पडंना! हुबळीत दवाखाने काय कमी हायत?" म्हणत त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

पंधरा दिवसही झाले नसतील. मंगळवारी दुपारी दुकानात कापडाचा तागा उलगडता उलगडता त्यांचे यजमान गोविंदराव छाती धरून खाली बसले.

त्यांना घेऊन सगळे जवळच्या त्याच दवाखान्यात धावले, तर स्वातीच्या वॉर्डाच्या दाराला कुलूप होतं. काचेतून चार खाटा दिसत होत्या, गाद्या गुंडाळलेल्या. बाहेर स्ट्रेचरवर अळणावरकडच्या खेड्यातला नागोजी डोळे मिटून पडला होता. त्याची बायको कौसल्या त्याला पदरानं वारा घालत होती.

"खाटा हायत, मशिनी हायत, बघायला सिस्टर न्हाईत," मुख्य परिचारिका विमला म्हणाली. "ह्या नागोजींसाठी धारवाडची अँब्युलन्स सकाळपासनं सांगितलीया, अजून आली न्हाई. तुम्ही मालकांना तुमच्याच गाडीतनं धारवाडला न्या, अक्का."

गोविंदरावांचे ओठ काळे पडू लागले होते. स्वातीनं हात पुढे केला. "किल्ली द्या, सिस्टर."

"अगं, शुक्रवारी व्हिसाची मुलाखत हाय!" प्रसाद हातातली व्हिसाची फाईल हलवत ओरडला. "परत कामाला लागलीस तर हे दवाखानेवाले सोडणार न्हाईत!"

"नकोत सोडायला. मी जाणार न्हाई."

प्रसादनं आईकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच सरस्वतीबाईंनी त्याची बाजू घेतली नाही. कुलूप निघालं. स्वातीनं दोन गाद्या उलगडल्या. डॉक्टर धावत आले. गोविंदरावांना एका खाटेवर घेतलं आणि स्वाती नागोजीचं स्ट्रेचर आणायला वळली.

तिनं त्याचं मनगट धरलं. मग मानेवर बोटं ठेवून नाडी चाचपली. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबली. शेवटी चादर तोंडावर ओढली.

आतून गोविंदरावांच्या मशीनचा आवाज येऊ लागला. त्यांचा जीव वाचला होता. कौसल्या रडली नाही. दुसऱ्या, मोकळ्या खाटेकडं बघत तिनं साधंच विचारलं, "खाट हुती म्हंता न्हवं? मग सकाळी का उघडली न्हाई?"

प्रसादनं फाईल पाठीमागं घेतली.

सरस्वतीबाई कौसल्याजवळ फरशीवर बसल्या. गल्लीतल्या त्या मानाच्या बाईला मान वर करवेना.

"ती मी बंद केली, बाई," त्या म्हणाल्या.