नॉर्मलबाईचं रक्त

बोटावर दाबून धरलेला कापसाचा बोळा उचलला की खालून पुन्हा एक टिपूस वर यायचा — मोहरीएवढा, लालभडक, हट्टी — आणि तो पुसून ती पुन्हा बोळा दाबून धरायची आणि मनातल्या मनात म्हणायची, सुईच जरा खोल गेली आज, दुसरं काय. कामं तशीच खोळंबली होती. रंगाची नवी बाटली आली होती, आणि नवी बाटली आली की पहिली काच तिच्या रक्ताची, हा त्या प्रयोगशाळेचा रिवाजच होऊन बसला होता. रुग्णांच्या रक्तावर रंग चढवण्याआधी तो नीट चढतो का, हे निरोगी माणसाच्या रक्तावर बघून घ्यायचं असतं. आणि इस्पितळात निरोगी माणूस शोधायचा तरी कुठे? म्हणून ती. इतकी वर्षं तीच. काचेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'न' लिहायचं, न म्हणजे नॉर्मल, की झालं. जाड भिंगांचा चष्मा लावणारा तिचा सहकारी तिला नॉर्मलबाई म्हणून हाक मारायचा, आणि वरवर डोळे वटारले तरी तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला! रूप बेताचं, लग्नाचं राहून गेलेलं, शिक्षण जेमतेम नोकरीपुरतं... पण रक्त मात्र पुस्तकात छापावं असं.

आज तो 'न' लिहायचा राहिला होता, कारण एक हात बोळ्यात अडकलेला. काच तशीच बिननावाची रंगवली गेली, तशीच वाळली, आणि सहकाऱ्यानं ती रुग्णांच्या काचांबरोबर तबकात घालून आत डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"ही कुणाची?" आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "नाव नाही, नंबर नाही... अहो, वॉर्डात विचारा आधी. या माणसाला घरी सोडू नका म्हणावं."

ती बोळा दाबत दारात गेली. तबकाकडे बघितलं, काचा मोजल्या. एक जास्त होती.

"बाई, ती माझी आहे."

"तुझी म्हणजे तू केलेली ना? पण पेशंट कोण?"

"माझी म्हणजे... माझी."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. खुर्ची मागे सरकवून त्यांनी तिला जागा करून दिली, आणि ती वाकली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बोटं सवयीनं चाकावर गेली. रंग छान चढला होता. निळं ते निळं, गुलाबी ते गुलाबी — हे तिला आधी दिसलं, कारण इतकी वर्षं ती आपल्या रक्तात तेवढंच बघत आली होती. मग बाकीचं दिसायला लागलं. बाजार बंद असावा तशी सगळीकडे सामसूम. पांढऱ्या पेशी सापडता सापडत नव्हत्या. रक्त गोठवणाऱ्या त्या बारीक ठिपक्यांनी तर गाव सोडल्यासारखं केलेलं, आणि तांबड्या पेशी मोठ्या, ओबडधोबड, जणू घाईत कशाबशा थापून बाहेर पाठवलेल्या. हे माझं? मागची बाटली आली तेव्हा, त्याच्या मागची आली तेव्हा, मीच तर बघितलं होतं, याच डोळ्यांनी, आणि रंग ठीक आहे म्हणून काच धुवायला टाकली होती... दुसऱ्याचं मोजायचं म्हणून मोजलं, स्वतःचं कुणी मोजतं का?

दंडातून पुन्हा रक्त काढलं, मशीनवर लावलं. मशीननंही तेच सांगितलं. सहकारी मशीनलाच दोष देत राहिला, बिचारा, त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. दुखण्याच्या गोळ्या घेतेस का? कुठलं अँटिबायोटिक? फिटचं औषध, संधिवाताचं? कुणी दिलेलं चूर्ण, पुड्या? ती नाही नाही म्हणत राहिली आणि प्रत्येक प्रश्नामागचा माणूस तिच्या डोळ्यांपुढून जात राहिला, कारण हे प्रश्न तिनं या भिंतीपलीकडून हजारदा ऐकले होते. गुडघे दुखतात म्हणून शेजारणीनं सांगितलेली गोळी घेणाऱ्या शिक्षिका. त्यांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या आणि साध्या घसादुखीनं त्यांना आडवं केलं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारा तो हसरा माणूस. त्याच्या तांबड्या पेशींत निळे कण, जणू कुणी शाई शिंपडलेली. रक्त तयार होतं हाडांच्या आत, मज्जेत, आणि काही औषधं, काही विषं थेट तिथे जाऊन ठाण मांडतात — हे तिला तोंडपाठ होतं. मात्र त्या माणसांच्या चेहऱ्यांवरचं आश्चर्य तिला आज पहिल्यांदा कळलं. सगळी विश्वासानंच तर घेतलेली असतात माणसं. विष म्हणून कोण घेतं!

"बरं, घरी काही? रंगकाम, छपाईची शाई, थिनर, चामडं चिकटवायचं सोल्युशन?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे पूर्वी होतं. ताई पिशव्या करते ना चामड्याच्या. पण ते सोल्युशन बदललं आम्ही. आता नाही."

"नक्की?"

"नक्की, बाई."

आणि म्हणता म्हणताच तिला वाटलं, आपण फार चटकन बोललो.

"आणखी तपासण्या कराव्या लागतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाडातली मज्जासुद्धा काढून बघावी लागेल, तुला मी काय सांगू. आणि घरात जे कोणी असेल त्यांनाही उद्या घेऊन ये. आज जा तू घरी."

भर दुपारी रस्त्यावर ती कधी असायची नाही. उन्हात दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री पसरली होती, एक शिंपी मशीनवरच मान टाकून झोपला होता, आणि तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. बदललं होतं. बदललंच होतं की! पलीकडच्या गल्लीतली एक बाई ताईकडे चिकटवायच्या कामाला यायची, तिच्या हातापायांवर काळेनिळे डाग उठायला लागले. "कुठेतरी आपटलं असेल," म्हणायची. तिचं रक्त हिनं स्वतः तपासलं होतं, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन ताईशी कडाकडा भांडली होती. ते पिवळं सोल्युशन, गोडसर वासाचं, त्यातलं थिनर हाडांत जाऊन बसतं, ताई, घर म्हणून राहतो आपण इथे! ती बाई काम सोडून गेली आणि हळूहळू सुधारली. ताईनं आधी आदळआपट केली, मग रडली, मग नवं, त्या थिनरशिवायचं, निळ्या डब्यातलं सोल्युशन आणलं. आणि हिच्या गळ्याला हात लावून म्हणाली होती, "तुझ्या गळ्याची शपथ. ते जुनं या घरात पुन्हा येणार नाही."

माझ्याच गळ्याची. दुसरा गळा होताच कुणाचा तिच्याकडे? आई गेल्यावर ताईनं शाळा सोडून याच चिकटवण्याच्या कामावर हिला वाढवलं, शिकवलं, हिच्या अंगावर पांढरा कोट चढला तेव्हा गल्लीभर मिरवली. त्या गोड वासावरच तर मी मोठी झाले... पण म्हणून काय झालं? ते तेव्हाचं तेव्हा. शपथ नंतरची आहे. आणि नाही, ताई असं करणार नाही. ताई कितीही तोंडाळ असली तरी खोटं बोलायला घाबरते, तिचे कान लाल होतात. आपण संध्याकाळी घरी जायचो तेव्हा दार उघडं, खिडक्या उघड्या, फरशी फिनेलनं लख्ख पुसलेली असायची. किती कौतुक केलं होतं आपण त्या फिनेलचं! म्हातारपणी तुला स्वच्छतेचं वेड लागलंय, ताई, म्हणून चिडवलंही होतं. आणि ताई हसली होती. कान लाल झाले होते का तेव्हा? आठवेना... बघितलेच नव्हते.

दार लोटलं मात्र, आणि वास आला.

गोड, डोक्यात चढणारा, लहानपणीचा. सगळ्या खिडक्या बंद, धूळ चिकटू नये म्हणून. ताई पाटावर बसलेली, मांडीवर पिशवीचा पट्टा, हातात ब्रश, समोर निळा डबा उघडा. तिनं मान वर केली.

"अगं, आज लवकरशी? बरं नाही का वाटत?"

आणि बोलता बोलता तिचा हात पुढे आला. तो धाकटीच्या कपाळाकडे आला नाही. डब्याकडे गेला, आणि त्यानं झाकण बसवलं.

त्या हाताकडे बघत ती दारातच उभी राहिली. काचेवर जे दिसलं होतं त्यानंही तिचं इतकं अवसान गळालं नव्हतं. कारण त्या हाताला सराव होता. तो गडबडला नाही, थरथरला नाही. असं झाकण त्यानं कितीतरी वेळा बसवलं असणार, पायरीवर माझ्या चपला वाजल्या की.

"डबा तेवढा नवा आहे ना, ताई?"

ब्रश कुठे ठेवावा ते ताईला सुचेना.

"आत जुनंच आहे."

"नवं धरत नाही गं," ताई एकदम बोलायला लागली. "पट्टे उलून येतात. अख्खा माल तोंडावर फेकला माझ्या त्या व्यापाऱ्यानं, चार माणसांत. काय करणार होते मी? आणि तू असतेस तेव्हा नवंच वापरते. सुट्टीच्या दिवशी बघितलंयस ना तू? तुझ्या नाकाला कधी लागू दिलं नाही मी. एकदा तरी लागलं का?"

"नाकाला नाही लागलं."

"मग!"

"पिशव्या वाळायला कुठे ठेवतेस?"

"वर. तुझ्या खोलीबाहेरच्या फळ्यांवर. तिथे ऊब असते... पण वाळल्यावर काय राहतं त्यात? चिकटलं की संपलं."

"ते उडून जातं म्हणून वाळतं, ताई. रात्रभर उडत असतं. जातं कुठे?"

ताईनं छताकडे बघितलं. वर धाकटीची खोली होती, तिचा पलंग, उशाशी दार, आणि दाराबाहेर त्या फळ्या. ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं, आणि धाकटीला कळलं की हे तिच्या खरंच ध्यानीमनी नव्हतं. पाटावरचं विष पाटावरच राहतं असं ती धरून चालली होती. धाकटीला त्यापासून सांभाळल्याचं समाधानही असेल तिला. नव्या सोल्युशनचा तो महागडा डबा सुट्टीसाठी जपून ठेवत असेल, पाहुण्यांचे कप ठेवावेत तसा. हे सगळं कळून राग कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला नाही. उलट त्याला बसायला नीट जागा मिळाली. फसवणूक इतक्या काळजीनं केलेली असली की केसानं गळा कापणं म्हणजे काय ते समजतं.

"माझं रक्त बिघडलंय," ती म्हणाली. "फार बिघडलंय. आज कळलं."

"चुकलं असेल काहीतरी. तुमच्या त्या मशीनचं..."

"नाही चुकलं."

ताईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "कशामुळे ते सांगितलंस का तू तिथे कुणाला?"

बस. एवढंच विचारायचं सुचलं हिला! मला काय होतंय, किती दिवसांपासून होतंय, मी बरी होईन का... यातलं काही नाही. कदाचित पुढच्या श्वासाला तिनं तेही विचारलं असतं. पण आधी हे विचारलं, आणि आधी आलेलं आता मागे जाणार नव्हतं.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "अजून."

ताई उठली. मोरीत जाऊन तिनं नळ सोडला आणि हात धुवायला घेतले. दगडानं, घासून घासून, बोटांच्या पेरांत वाळलेले सोल्युशनचे पापुद्रे खरवडून काढत. बाह्या वर सरकल्या. कोपराखाली एक निळा डाग होता, तळहाताएवढा, कडेनं पिवळा पडत चाललेला, आणि त्याच्या वर दुसरा, ताजा.

"हे काय झालंय?"

"कुठे? हे होय... कुठेतरी आपटलं असेल."

पाणी वाहत राहिलं. मागून ताईची मान दिसत होती, पांढऱ्या केसांचा अंबाडा, खांद्यांची हाडं. कधी झाली ही एवढी बारीक? ती दिवसभर त्या डब्यावर वाकून बसते. मी फक्त रात्री, फक्त भिंतीआडून. माझ्या हाडांत शिरलं तर तिच्या हाडांत काय उरलं असेल?

"उद्या तुला यायचंय माझ्याबरोबर," ती म्हणाली. "रक्त द्यायला."

ताईनं नळ बंद केला. वळली नाही. ओले हात तसेच समोर धरून उभी राहिली, आणि शाळेतल्या मुलीसारखं, आज्ञाधारकपणे तिनं विचारलं, "उपाशीपोटी यावं लागतं का गं?"

"नाही. खाऊन ये."

उद्या आपणच सुई टोचू, काचेवर थेंब ओढू, आपणच वाकून बघू, हे तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आली, इतकी सहज की ती आत आल्यावरच तिला दिसली — वाईट निघू दे. माझ्याहून वाईट निघू दे. तिनं घाबरून ते ढकललं आणि ताबडतोब उलट म्हटलं, नाही, नाही, तिचं चांगलं निघू दे, देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, तिच्याशिवाय मला आहे कोण... तेही खरंच होतं, अगदी तळापासून खरं. पण ते नंतर आलं होतं. ताई पदराला हात पुसत वळली, तिच्याकडे बघायला लागली, आणि धाकटीनं मान खाली घातली.