ठोकळ्यांचं पाणी

माझ्या नणंदेचं, गोदाचं लग्न झालं ते १९८१ साल. मांडव उतरतो न उतरतो तोच कशेळ्याच्या वाटेवरच्या भातगिरणीत श्रीपतशेठनं नवा उद्योग मांडला. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. मुंबईच्या कॉलेजातले कमळाकर साहेब भाताचं तूस जाळून त्याच्या राखेत चुना मिसळायचे आणि बांधकामाचे ठोकळे पाडायचे. ठोकळे टिकले, तर तालुक्यातल्या शाळा त्यांनीच बांधायच्या आणि ठेका श्रीपतशेठचा, असं ठरलं होतं.

साहेबांची एकच ताकीद. राखेचा ठोकळा सिमेंटपेक्षा सावकाश धरतो, महिनाभर वरचं गोणपाट ओलं ठेवा.

मे महिन्यात गिरणीची विहीर आटली, गावचीही आटली. बाहेरून पाणी आणायचं तर टेंपो बिघडलेला. पाणी होतं फक्त आमच्या बौद्धवाडीच्या विहिरीत. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, म्हणून दीक्षेनंतर आमच्या माणसांनी ती खणली होती.

श्रीपतशेठ स्वतः आला. माझी सासू भीमाबाई काठावरच बसली होती.

"भीमे, पिंपं भरू दे गं. सरकारी काम हाय."

"उन्हातनं आलात शेठ. आधी पाणी प्या. जने, कळशी आण," ती मला म्हणाली.

त्यानं तांब्यासाठी हात पुढं केला.

"तांब्या नाय. खाली बसा. ओंजळ धरा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तरणेपणी त्याच्या शेतात लावणी करताना तिनं पाणी मागितलं होतं. त्यानं तिला चिखलात बसवून वरून धार सोडली, अर्धी तोंडावर, आणि बांधावरची माणसं हसली होती.

पाणी हवं होतं. तो बसला. सासूनं कळशी उंच धरली. त्याचा सदरा भिजला. विहिरीवरच्या बायका हसल्या. मीही हसले, पोटभर.

"आता पिंपं?" तोंड पुसत त्यानं विचारलं.

"माणसाला प्यायला कधी नाय म्हणणार नाय. तुमच्या ठोकळ्यांना थेंब नाय."

"अगं, पोरांच्या शाळा हायत!"

"मग गावच्या विहिरीला इचारा. तुमचीच हाय ना ती?"

गोणपाटं वाळली. साहेबांनी येऊन ठोकळा उचलला, तर कोपऱ्याचा हातातच भुगा झाला. ते हळहळले आणि प्रयोग दुसऱ्या तालुक्यात घेऊन गेले. आमच्या पोरांच्या शाळेला कुडाच्याच भिंती राहिल्या. मी ते सासूला सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली.

श्रीपतशेठ १९८३ च्या मे महिन्यात वारला. भीमाबाई त्याच्यापेक्षा एक पावसाळा जास्त जगली. ती १९८४ च्या एप्रिलात वारली.